वैनगंगेपलीकडे नेलेली कॉलर

जायचं की नाही, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. एके दिवशी हे कचेरीतून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "परवा मूलला निघायचंय. पाचवारी साड्या घे. जपानी पाहुणा बरोबर आहे." एवढं बोलून चहाला बसले. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा अशा सुरात बोलतो तेव्हा आधी बॅग भरायची आणि मग भांडायचं, इतपत शहाणपण मला आलं होतं.

माझी नात म्हणते, आजी, लोकांना ब्लॉगवर न पाहिलेली ठिकाणं हवी असतात. घ्या मग. चांदा जिल्हा, वैनगंगेच्या पलीकडे, भर पावसाळ्यात. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता, चांद्याला चंद्रपूर म्हणत नव्हते, आणि सगळा मुलूख नागपूरच्या राजधानीतून चालायचा. तुम्ही आता गाडीत बसून दुपारच्या जेवणाला पोचाल तिथे पोचायला आम्हाला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली होती. पुढे गोदावरीकाठचं सिरोंचाही करायचा बेत होता, पण ते पाहायला मिळालं नाही. तेव्हा गोदावरीचे फोटो शोधत इथे आला असाल तर माफ करा.

हे सरकारी शेतकी अधिकारी होते. त्या काळी 'जपानी पद्धतीची भातशेती' याचा मोठा गाजावाजा होता. रोपं उंच गादीवाफ्यावर करायची, दोरी लावून सरळ ओळीत लावायची, बी कमी, खत जास्त. ही पद्धत शिकवायला ओकाबे नावाचे जपानी तज्ज्ञ आले होते आणि त्यांना मूल-गडचिरोलीकडची धानशेती दाखवायचं काम ह्यांच्याकडे आलं. ह्यांचं इंग्रजी कागदावर झकास होतं, पण समोर परदेशी माणूस उभा राहिला की घशात अडकायचं. मी मिशनच्या शाळेत शिकलेली. तर मला नेण्यामागचं खरं कारण हे. जाहीर कारण असं होतं की पाहुण्याला 'घरगुती वातावरण' मिळावं.

आता कॉलरची गोष्ट. ओकाबेसाहेबांचं नागपुरात भाषण झालं तेव्हा कुणीतरी विचारलं, तुमच्या देशाच्या प्रगतीचं रहस्य काय? अशा प्रश्नाला पाहुणा दुसरं काय करणार, त्यांनी एक वाक्प्रचार सांगितला. 'एरि ओ तादासु.' एरि म्हणजे कपड्याची गळपट्टी, कॉलर. ती सरळ करायची. आपल्यापेक्षा मोठं असं काही समोर आलं की माणसाने स्वतःला सावरायचं, मन गोळा करायचं, आणि मग त्याला साजेसं वागायचं. रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही, म्हणाले, जरा भारदस्त भाषा आहे.

भारदस्त म्हटल्यावर आमचे हे गेलेच. तसंही आमच्या घरात देवाचा नैवेद्य उशिरा झालेला चालायचा, ह्यांच्या कॉलरीची खळ उशिरा झालेली चालायची नाही. ह्यांनी लगेच मूलच्या आपल्या माणसाला कळवलं की पाहुण्यासमोर येणारा प्रत्येक पुरुष कॉलरमध्ये असावा.

मी म्हटलं, "अहो, तो माणूस मनाबद्दल सांगत होता."

"मला कळतं," हे म्हणाले. "पण मन तपासता येत नाही. कॉलर तपासता येते."

सरकार कसं चालतं हे मला त्या एका वाक्यात कळलं आणि पुढे आयुष्यभर दुसरं स्पष्टीकरण लागलं नाही.

नागपूरहून नागभीडमार्गे मूलला छोटी गाडी जायची. तिच्या वेगाबद्दल वाईट बोलणार नाही, कारण तिच्यामुळे जंगल नीट बघायला मिळालं. साग, बांबू, मधेच एखादा तलाव, तलावाखाली हिरव्या-तपकिरी चौकोनी बांध्या. झाडीपट्टीत धानाच्या बांध घातलेल्या शेताला बांधी म्हणतात. ओकाबेसाहेब दोन्ही हात मांडीवर ठेवून, जाड चष्म्यातून समोर बघत ताठ बसले होते. पाठ टेकवत नव्हते. ते पाहून हेही टेकवेनात. नागभीडपर्यंत ह्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण पडलं तरी नाक वर. मी मात्र खिडकीला डोकं टेकून जांभळं खाल्ली आणि बिया बाहेर टाकल्या.

समोरच्या बाकावर एक म्हातारबुवा होते. त्यांनी पाहुण्याला बराच वेळ न्याहाळलं आणि मला विचारलं, "हा भाऊ कुठचा होय, बाई?"

"जपानचा."

"जपान कुठी आला? गोंदियाच्या तिकडं का?"

"त्याच्याही पुढे."

"मंग तं लईच दूर आला बिचारा," असं म्हणून त्यांनी आपल्या फडक्यातले मूठभर फुटाणे पाहुण्याच्या हातावर ठेवले. ओकाबेसाहेबांनी बसल्याजागी वाकून नमस्कार केला आणि एकेक फुटाणा असा खाल्ला की जणू सरकारी मेजवानी आहे. मग मला विचारलं, कॉलर सरळ करण्याला तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, पुरुषांचं ठाऊक नाही, बायका पदर सावरतात. देवापुढे, वडीलधाऱ्यांपुढे. "नवऱ्यापुढे?" त्यांनी विचारलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे कंबर चोळत होते. "अजून तशी वेळ आलेली नाही," मी म्हटलं. माझ्या सासूबाईंची तीच तक्रार होती.

मूलला तांदळाच्या गिरण्या. गावात शिरताच कोंड्याची धूळ नाकात जाते आणि शिंका सुरू होतात. मुक्काम डाक बंगल्यात. खानसाम्याने पाहुण्यासाठी म्हणून विलायती पद्धतीचं सूप केलं होतं. ते मी चाखलं, तुम्ही चाखू नका. कुठल्याही गावात गेलात तर तिथला माणूस घरी जे खातो ते मागा, निम्मे आजार टळतात. ह्यांनी खास नागपूरहून बिस्किटांचा डबा आणला होता, त्यात मुंग्या झाल्या. पाहुण्याने मुंग्या झटकून बिस्किटं खाल्ली, म्हणून ह्यांनीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने वैनगंगेच्या घाटापर्यंत गेलो. आता तिथे पूल आहे आणि तुम्हाला नदी कधी गेली कळणारही नाही. तेव्हा पावसाळ्यात डोंगाच. कोरलेले दोन लाकडी डोंगे एकत्र बांधून वर फळ्या टाकलेल्या. माणसागणिक दोन आणे आणि शेळीचा एक आणा. नदी फुगलेली, पाणी चहाच्या रंगाचं. ओकाबेसाहेब फळ्यांवर उभे राहिले म्हणून हेही उभे राहिले, एका हातात छत्री.

ढिवर नावाडी म्हणाला, "सायेब, बसून घ्या. गंगा उभ्या मानसाले मान देत नाई."

"मी ठीक आहे," हे म्हणाले.

"तुमी ठीक हा. डोंगा ठीक नाई."

मग दोघंही बसले, एका शेळीच्या दोन बाजूंना. मी तोंडावर पदर धरून हसले. शेळीने प्रवासभर ह्यांच्या बाहीचं बटण चोखलं. हे भारदस्तपणे नदीकडे पाहत राहिले.

पलीकडे बैलबंडी उभी होती. चिखलात चाकं आसापर्यंत बुडायची, मग सगळ्यांनी उतरायचं, बंडी ढकलायची, पुन्हा चढायचं. दिवस मावळायला गावात पोचलो. गावाचं नाव मी सांगत नाही. तिथल्या काही घरांशी अजून येणंजाणं आहे आणि पुढचं वाचून कुणाला राग यायला नको.

वेशीवर पुरुषमंडळी ओळीने उभी होती. पावसाळ्यात चिखलात काम करणारी माणसं, अंगात कुणाच्या बंडी-कोपरी, बहुतेक उघडेच. आणि प्रत्येकाच्या गळ्यात पांढरी मांजरपाटी कॉलर. नुसती कॉलर. मूलच्या शिंप्याने हुकुमाप्रमाणे कॉलरी शिवल्या होत्या, सदरे शिवायचा हुकूम नव्हता. मागे नाडी बांधलेली. उघड्या छातीवर त्या ताठ कॉलरी घालून सगळं गाव गंभीर चेहऱ्याने उभं होतं.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ओकाबेसाहेबांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी प्रत्येकाला वाकून नमस्कार केला. मग हळूच मला विचारलं, "मॅडम, हा ह्यांच्या धर्माचा भाग आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्याच्या धर्माचा."

आमची उतरायची सोय सुकरूभाऊ पाटलांच्या ओसरीवर होती. सुकरूभाऊ म्हणजे किडकिडीत, बोलताना सारखे हात चोळणारे गृहस्थ. त्यांच्या विधवा बहीण भागाबाई घर चालवायच्या, आणि खरं सांगायचं तर गावही. जेवायला नव्या पावसात वारुळावर उगवणाऱ्या अळंब्या होत्या, त्यांना तिकडे सात्या म्हणतात. शिवाय वाळल्या झिंग्यांची चटणी आणि वास्त्याची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची भाजी. ओकाबेसाहेबांनी वास्त्याचा पहिला घास घेतला आणि थांबले. डोळे पाणावले. मला वाटलं मिरची लागली. तर म्हणाले, माझी आई हे करायची. त्यांनी तीनदा भाजी मागून घेतली आणि भागाबाईंनी तेवढ्यावर त्यांना आपला भाऊ करून टाकलं. "जपानीभाऊ, घ्या ना अजून," असं त्या झाडीबोलीत म्हणायच्या आणि ते जपानीत काहीतरी म्हणायचे. मला मधे कुणी विचारेना.

जेवण झाल्यावर सुकरूभाऊ हात चोळत ह्यांच्याजवळ बसले. "सायेब, एक अर्ज होता. तलावाची पाळ झिरपून राह्यली."

गावाच्या वरच्या अंगाला तलाव आणि त्याला मातीची लांबलचक पाळ. खाली सगळ्या बांध्या. तलावातल्या मासोळीवर ढिवरांची घरं, पाण्यावर बाकीच्यांची. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, होती तोवर दरवर्षी दवंडी पिटायची, घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन जायचा आणि पाळीवर माती पडायची. मालगुजारी गेली, तलाव सरकारी झाला. मागल्या साली गावाने आपणहून माती टाकायला घेतली, तर कुठलासा सरकारी माणूस येऊन दम देऊन गेला की सरकारी तलावाला हात लावला तर केस होईल. तेव्हापासून तलावाला कुणीच हात लावला नाही, आणि सरकारने तर नाहीच नाही.

"हे माझं खातं नाही, सुकरूभाऊ," हे म्हणाले. "मी भातशेतीचा. तलाव दुसऱ्यांचा."

"तलावाबिगर भात कसा होईन, सायेब?"

"मी वर कळवतो."

भागाबाई खरकटी उचलत होत्या. म्हणाल्या, "कालपावतर खालून निवळ पानी येत होतं, सायेब. आज सकाळपासून गढूळ येऊन राह्यलं." त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. ह्यांना कळला असावा, कारण ह्यांनी उचललेलं पान परत तबकात ठेवलं. गढूळ पाणी येतं म्हणजे पाळीच्या पोटातली माती वाहून यायला लागलेली असते. असंच चाललं तर एखाद्या जोराच्या पावसात पाळ फुटणार, आणि मग रोवणा, म्हणजे भाताची लावणी, गेला, मासोळी गेली, वर्ष गेलं. हे त्या रात्री नीट झोपलेही नाहीत. पण कॉलर उशाशी घडी करून ठेवली, तिचा नेम चुकला नाही.

तिसऱ्या दिवशी रिमझिम होती. बांधीत पंधरावीस बाया गुडघाभर चिखलात वाकून रोवणा करत होत्या, गाणं चाललेलं. सरकारी पद्धतीप्रमाणे दोन पोरी दोरी ताणून धरायच्या आणि बाकीच्या दोरीसरशी रोपं लावायच्या. दोरी दिसली की गाणं थांबायचं, कारण गाण्याला एक लय आणि दोरीला दुसरी. बांधावर पाहुणे, शेजारी हे. खळीची कॉलर, टाय, काळे बूट, छत्री. मागे गावकरी, आपापल्या गळपट्ट्या लावून. मी सगळ्यांत मागे, हातात पाहुण्याची पिशवी.

इथे एक रिवाज सांगायला हवा, कारण तुम्ही रोवण्याच्या दिवसांत गेलात तर सापडाल. रोवणा चालू असताना बांधावरून कुणी परका चालला की बाया त्याची वाट अडवतात. त्याच्या पायाशी रोपांची पेंडी ठेवायची आणि बोजारा मागायचा. बोजारा म्हणजे खुशालीची भेट. तो मालगुजार असो, जावई असो, फौजदार असो, काहीतरी कबूल केल्याशिवाय त्याने पेंडी ओलांडायची नाही. चिखल उडाला, थट्टा झाली, तर राग धरायचा नाही. एरवी मान वर न करणाऱ्या बाया त्या दिवसांत कुणालाही काहीही बोलू शकतात.

भागाबाई बांधीतून वर आल्या. कोपरापर्यंत चिखल, हातात पेंडी. ती त्यांनी ह्यांच्या चकचकीत बुटांपुढे ठेवली. "सायेब, बोजारा."

हे हसले. असल्या गोष्टींची त्यांना माहिती होती. त्यांनी पाकीट काढलं.

"पैसा नोको," भागाबाई म्हणाल्या.

"मग काय हवं?"

"एक टोपली माती. तुमच्या हातानं. त्या पाळीवर."

गाणं थांबलं. सुकरूभाऊंनी हात चोळायचेही थांबवले. "बाई, काय बोलून राह्यली तू!" एवढंच ते म्हणाले.

"बाई," हे म्हणाले, "तलाव माझ्या खात्यात नाही. मी हात लावणं नियमात बसत नाही."

"नियम तुमाले ठाऊक. आमाले एवढंच समजते का तुमी सरकार हा. तुमी एक टोपली टाकली का मंग ते काम सरकारनं सुरू केलं. मंग आमी सप्पा गाव टाकतो. मंग कोन केस करते तं पाहू."

"मी आज संध्याकाळीच कागद लिहितो."

"कागद जाऊन येईस्तोवर पाळ दम धरन का, सायेब?"

"काय म्हणतायत त्या?" ओकाबेसाहेबांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं. तलाव, केस, टोपली. भाषांतरात थोडं माझंही मीठ पडलं असेल, नाकारत नाही. त्यांनी वर पाळीकडे पाहिलं. पायथ्याशी मातकट पाण्याचा ओघळ स्पष्ट दिसत होता. मग त्यांनी ओल्या सदऱ्याची कॉलर दोन्ही हातांनी सरळ केली, ह्यांच्याकडे तोंड केलं आणि कमरेत वाकले. चांगलेच वाकले. आणि वर येईचनात.

पाऊस त्यांच्या पाठीवर पडत होता. कुणी हलेना. मागे एकजण कुजबुजला, "जपानी सायेब आपल्या सायबाच्या पाया पडून राह्यला." दुसरा म्हणाला, "आपल्यासाठी?" एका बाईने डोळ्याला पदर लावला. ओकाबेसाहेब तसेच, डोकं गुडघ्यांपाशी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची नजर खाली होती, मान ताठ, आणि कानशिलं लाल झालेली. माझ्या मनात आलं, आता हा माणूस काय करतो त्यावर माझं पुढचं आयुष्य ठरणार आहे. खरंच आलं. उगाच आत्ता लिहायचं म्हणून लिहीत नाही.

ह्यांनी छत्री मिटली. ती माझ्या हातात दिली. कोट काढला, घडी केली, तीही माझ्या हातात. टाय सैल केला नाही. मग पेंडी ओलांडून सरळ पाळीकडे चालू लागले. बुटांनी दोनदा घसरले, एकदा चार पायांवर आले. पण आज कुणी हसलं नाही, मीही नाही. सुकरूभाऊंनी फावडं आणलं. ह्यांनी स्वतः माती ओढली, टोपली भरली आणि डोक्यावर घेतली. डोक्यावर ओझं कधी घेतलेलं नाही. चिखल कपाळावरून मानेवर आणि मानेवरून त्या पांढऱ्याशुभ्र कॉलरीत उतरला. टोपली पाळीवर रिकामी केली आणि वळून म्हणाले, "सुरू करा. काही विचारलं तर माझं नाव सांगा."

मग मात्र गावाला दम निघेना. फावडी निघाली, टोपल्या निघाल्या. डोक्यावर टोपली घ्यायची तर खाली चुंबळ हवी. बाप्यांनी गळ्यातल्या कॉलरी सोडल्या, दुमडल्या आणि डोक्यावर चुंबळ म्हणून ठेवल्या. त्या शिंप्याची मेहनत अशी सत्कारणी लागली. बाया रोवणा टाकून आल्या. ओकाबेसाहेब पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळून रांगेत उभे राहिले आणि टोपल्या पुढे देऊ लागले. मी कोट, छत्री आणि पिशवी एका दगडावर ठेवली, पदर खोचला आणि गेले. माझ्या हातून किती माती पडली ते विचारू नका, निम्मी साडीवरच होती. भागाबाई म्हणाल्या, "बाईसाहेब, तुमी नोको, हात खराब होतीन." मी म्हटलं, "होऊ द्या." संध्याकाळपर्यंत ओघळ बारीक झाला आणि खालचं पाणी निवळलं.

सिरोंचाचा बेत रद्द झाला. आमच्यापैकी कुणाला पाठ सरळ करता येत नव्हती.

परतताना डोंग्यात हे पुढे बसले आणि बसल्याबसल्या झोपी गेले. ओकाबेसाहेब माझ्या शेजारी होते. मी म्हटलं, त्या दिवशी तुम्ही वाकलात म्हणून सगळं झालं, फार मोठी गोष्ट केलीत. ते अवघडले. इकडेतिकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, कृपा करून कुणाला सांगू नका. मी नमस्काराला वाकलो हे खरं. पण वाकताना माझा चष्मा चिखलात पडला. चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही. मी तो शोधत होतो."

मी वैनगंगेच्या मध्यावर पोट धरून हसले. नावाडी म्हणाला, "बाई, हालू नोका." ह्यांना जाग आली नाही.

घरी आल्यावर धोब्याने तो सदरा परत केला, कॉलरीवरचा डाग निघत नाही म्हणून. महिन्याभरात ह्यांना वरून खुलासा मागणारं पत्र आलं, दुसऱ्या खात्याच्या मालमत्तेत लुडबूड केल्याबद्दल. त्या दिवशी ह्यांनी मुद्दाम तोच डागाळलेला सदरा घातला आणि कचेरीत गेले. खुलाशात काय लिहिलं ते सांगितलं नाही. बढती मात्र बरीच वर्षं रखडली. दिवाळीनंतर सुकरूभाऊंकडून नव्या तांदळाचं पोतं आलं आणि निरोप आला की पाळ राहिली. कॉलरी परत आल्या नाहीत.

त्या प्रवासातलं काय उरलं, असं नात विचारते. वास्त्याची भाजी उरली, ती मी अजून करते. पांढरं नेसून धानशेतीत जाऊ नये हे ज्ञान उरलं, ते तुम्हाला फुकट देते. आणि एक गंमत मी पोटात ठेवून होते, की माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकदा नियम मोडला तो एका जपान्याच्या चष्म्यापायी. घरात भांडण झालं, हे ताठ बसून मला शिस्त सांगायला लागले, की मला तो चष्मा आठवायचा आणि हसू यायचं. हे विचारायचे, काय झालं? मी म्हणायचे, काही नाही.

हे निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चहा घेत होतो. खळ नसलेला सदरा घालून बसलेले त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं. म्हटलं, आता सांगायला हरकत नाही. आणि सगळं सांगून टाकलं, डोंग्यातलं.

हे चहा पीत राहिले. मग म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चष्मा माझ्या उजव्या बुटाशी पडला होता. मला दिसत होता."

"अहो, मग उचलून दिला का नाही त्या बिचाऱ्याला?"

ह्यांनी कप खाली ठेवला. "दिला असता तर तो लगेच सरळ उभा राहिला असता. मी सरकारी माणूस, मला निमित्त लागतं. सगळं गाव बघत होतं, तो वाकलेला होता. म्हटलं, एवढं निमित्त पुरे. तो शोधतोय तोवर निघालं पाहिजे."

मला हसायचं होतं, पण ते जमलं नाही. हात आपोआप खांद्याकडे गेला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी ह्यांच्यापुढे पदर सावरला.